वन्संचं अत्तर

वन्सं गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "वैनी, आज अत्तर लावलं न्हाईस का गं?" तापाने डोळे उघडत नव्हते, पण नाक जागं होतं. त्यांच्या दुखण्यात मी खरोखरच विसरले होते. लावून आले आणि मनगट त्यांच्या उशाशी ठेवून बसले... दुसऱ्या दिवशी गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या सुमाराला त्या गेल्या. त्याला आता पाच आठवडे झाले.

गौराबाई या माझ्या थोरल्या नणंद. विसाव्या वर्षी कुंकू पुसून मैंदर्गीहून सोलापूरला माहेरी परत आल्या. पुढे पाच वर्षांनी मी या घरात सून म्हणून आले. आमच्या यांचं सुताचं दुकान. हौसेने माझ्यासाठी गुलाब आणि उदाच्या अत्तराची कुपी आणली. खरं सांगते, मला ते झेपेना. सकाळी लावावं तर आधी नुसता गुलाब, ताजा, लाडिक. भाकऱ्या थापून होईपर्यंत तो मागे सरे आणि ऊद वर येई, जुन्या लाकडी पेटीसारखा, थोडा कडू, थोडा धुराचा. दुपारी माझं कपाळ ठणकू लागे. कुपी फडताळात पडून राहिली, पण आतलं अत्तर मात्र कमी होत गेलं.

एकदा वन्सं सापडल्या. पदराच्या आतल्या बाजूला बोट पुसत होत्या. रडल्या नाहीत, सबबही सांगितली नाही. "दिवसभरात येवढंच माझं असतंय," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या स्वतः विधवा आणि रीतीला फार कडक. त्यांना कळलं असतं तर लेकीची रवानगी मैंदर्गीला दिराच्या दारात झाली असती. मग दुसऱ्या दिवसापासून मीच रोज अत्तर लावू लागले. घरात वास आला तर तो माझा. अकरा वर्षं डोकं दुखवून घेतलं, आणि हे मला शौकीन म्हणत राहिले.

बाळंतपणाला मी माहेरी वळसंगला गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. आत्याबाईंनी विचारलं, "सून घरात न्हाई, मग वास कुणाचा?"

"वैनीच्या लुगड्यांच्या घड्या घालत हुते की," वन्सं म्हणाल्या. आणि ते खोटं ठरू नये म्हणून माझ्या झाडून साऱ्या लुगड्यांना त्यांनी अत्तर फासलं. परत आल्यावर मी पेटी उघडली ती शिंकतच सुटले. दोघी पोट धरधरून हसलो.

त्यांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा कुपी माझ्या कनवटीला होती. भोवती गल्लीतल्या बायका... माझा हात पुढे झाला नाही. अकरा वर्षं बेधडक खोटं निभावलं, आणि तेवढं एक खरं करायचा धीर झाला नाही. याची मला लाज वाटते.

त्यानंतर मी अत्तर लावलंच नाही. परवा आत्याबाई तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आताशा तुझा वास येत न्हाई."

"तो माझा नव्हताच, आत्याबाई. वन्संचा होता."

बोलून बसले खरी. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मला वाटलं, आता गेलेल्या लेकीलाही बोल लावणार.

"कुपी हाय का अजून?"

मी आणून दिली. बूच त्यांना निघेना, ते मी काढलं. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि बांगड्या नसलेलं मनगट माझ्यापुढे धरलं.

"लाव," म्हणाल्या.