मालकीणबाईंची अमेरिकन भाषा

अमेरिकेत इंग्रजी बोलतात यावर आमच्या घरमालकीणबाईंचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. त्यांना तसं सांगणारी माणसं पुष्कळ होती, त्यात मीही होतो. पण आमच्यापैकी कुणी अमेरिकेला गेलेलं नव्हतं आणि त्या सहा महिने राहून आल्या होत्या. "मास्तर, तुमी वाचलंय. मी जाऊन आलेय," एवढं म्हणून त्या विषय मिटवत. मी आयुष्यभर एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, मास्तर कधीच नव्हतो. पण ज्याच्या घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त तो मास्तर, हे त्यांनी माझं सामान टेम्पोतून उतरत होतं त्याच सकाळी ठरवलं, आणि त्यांनी एकदा ठरवलेलं बदलायची सोय नव्हती. सारसोळ्यात त्यांच्या सासऱ्यांच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर त्या राहत आणि दुसऱ्या मजल्यावर मी, अकरा वर्षं. पत्ता सांगताना त्या गावाचं, आळीचं, सासऱ्यांचं नाव सांगत. गावाभोवती शहर झाल्यावर मिळालेला सेक्टरचा आकडा त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. कुरियरवाला फोनवर रडकुंडीला येई आणि शेवटी मी खाली जाऊन पार्सल घेई.

त्यांचा जावई द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात नोकरीला होता. कंपनीनं त्याला टेक्सासमध्ये लारेडो नावाच्या गावी पाठवलं, आणि मुलीचं बाळंतपण करायला मालकीणबाई तिकडे गेल्या. लारेडो नदीकाठी आहे, नदीपलीकडे मेक्सिको. त्या गावात घरात, बाजारात, बसमध्ये, देवळात जवळजवळ सगळे स्पॅनिश बोलतात. हे बाईंना आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विमानातून उतरून जी भाषा ऐकली ती अमेरिकेची भाषा, म्हणून तिचं नाव अमेरिकन. टीव्हीवर अध्यक्ष इंग्रजीत भाषण करताना मी त्यांना दाखवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती हापिसातली भाषा. आपल्याकडं बँकेत नाय का बोलत? घरी जाऊन तो बी अमेरिकनच बोलत असनार."

त्या ही भाषा शिकल्या त्याची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की मी तिथं हजर होतो असं मला कधीकधी वाटतं. बाळ पाच दिवसांचं असताना त्यांनी बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी केली. निखारे नव्हते म्हणून तवा तापवून केली. छताला लावलेली धुराची घंटा किंचाळायला लागली. मुलीनं, "आई, फायर ब्रिगेड येईल!" म्हणून ओरडत खिडकी उघडली, आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून सत्तरीची एक बाई झाडू घेऊन धावत आली. तिनं झाडूच्या दांड्यानं घंटेला दोन रट्टे दिले. घंटा गप्प झाल्यावर तिनं खोलीभर नजर फिरवली. कान बांधलेली बाळंतीण, पोटाला घट्ट पट्टा, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मग ती खिडकीपाशी गेली आणि तिनं खिडकी फाडकन लावून घेतली. बाळंतिणीला वारा लागतो म्हणून. "मास्तर, तिनं खिरकी लावली ना, तवाच मी ओलखलं. ही आपली हाय."

त्या बाईच्या घरातही बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळायची रीत होती. गार पाणी नाही, डोकं उघडं नाही, कोंबडीचा रस्सा आणि मक्याची पेज. हॉस्पिटलात मात्र दुसऱ्याच दिवशी मुलीला चालायला लावलं होतं आणि बर्फ घातलेला ज्यूस दिला होता. तेव्हा या दोघी एक झाल्या आणि हॉस्पिटलच्या विरुद्ध चाळीस दिवस लढल्या. शेजारीण बाळावरून अंडं उतरवून ते पाण्याच्या पेल्यात फोडून बघे, मालकीणबाई मीठ-मोहऱ्या उतरवत, आणि दोन्ही केल्यानं नजर जरा जास्तच उतरेल म्हणून दोघी खूश. बाजारात त्या शेजारणीनं यांना सुकी कोळंबी दाखवली, तेव्हा मालकीणबाईंना म्हणे रडू आलं. बारशाला पाळण्याखालून बाळ घ्यायला पलीकडे त्या शेजारणीला उभं केलं. तिच्याकडे बाळाच्या नामकरणात जी बाई बाळ हातात घेते तिचं आणि घरच्या बाईचं जन्माचं नातं होतं, त्याला कोमाद्रे म्हणतात. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणायला लागल्या. म्हणजे नक्की कोण, असं मी विचारलं. "विहिनीसारकी," त्या म्हणाल्या, "पन मानापानाशिवाय."

परत आल्यावर त्यांची अमेरिकन गावभर झाली. पहाटे मासळी विकायला बसणाऱ्या बायकांना त्या "बुएनोस दियास" म्हणत आणि त्या बायकाही बिनदिक्कत तसंच म्हणत. एकदा तिसऱ्या मजल्यावरची खोली बघायला एक खराखुरा अमेरिकन इंजिनियर आला. मालकीणबाईंनी नवं लुगडं नेसून त्याच्याशी दहा मिनिटं अस्खलित संभाषण केलं. तो बिचारा हसत माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, याचा पासपोर्ट बघा," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "हा तिकडचा नाय. याला साधं पानी मागता येत नाय." त्याला खोली मिळाली नाही.

मी ग्रंथपाल, मला राहवलं नाही. एक दिवस जाडजूड ग्रंथ घेऊन खाली गेलो आणि त्यांना समजावून सांगितलं, की ही स्पेनची भाषा, तिथला राजा, त्याचे सैनिक, पाद्री, गुरांचे कळप घेऊन आलेली माणसं असं करत ती तिथं पोचली. त्यांनी सुपातले तांदूळ निवडत सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, कोमाद्रेचं घर नदीकाठी सात-आठ पिढ्या तिथंच आहे. आधी स्पेनचं राज्य, मग मेक्सिकोचं, मग अमेरिकेचं. "ती बोलते, आमी कुटं गेलोच नाय. नदी बी हलली नाय. कागद हलला." तांदळातला खडा त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकला. "आमचं तरी काय येगलं झालं, मास्तर? इंग्रजी मागनं आली. आदी कोन होतं ते बघायचं." मी म्हणालो, त्याच नियमानं बघायचं तर स्पॅनिश माणसांच्याही आधी तिथं दुसरे लोक होते, त्यांच्या वेगळ्या भाषा होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग त्यांची बी शिकाया पायजे होती," म्हणाल्या. "पन सहाच म्हैन्यांचा व्हिसा होता."

पुढे मुलगी-जावई बदली होऊन कॅनडात गेले आणि लारेडोत कोमाद्रे एकटी राहिली. दर रविवारी संध्याकाळी सातला, तिकडे सकाळ असताना, तिचा व्हिडिओ कॉल येई. फोन धरायचं काम माझं, कारण बाईंना बोलताना दोन्ही हात लागत. एका वर्षी लागोपाठ दोन रविवार फोन आला नाही. मालकीणबाई फोन समोर ठेवून बसून राहिल्या, जेवल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी कोमाद्रे दिसली, हॉस्पिटलातून आलेली, जरा वाळलेली. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला बोलावून घेतलं. "ती गेली असती तर मना कोन सांगनार होतं, मास्तर? तिची पोरं लांब. आन मी गेले तर तिला कोन सांगंल? माजी पोरगी नुसती रडंल. तुमी सांगायचं. तिला अशी फोनपुडं बसवून ठेवायची नाय."

मी हो म्हणालो, आणि माझं शिक्षण सुरू झालं. मी रीतसर व्याकरणाचं पुस्तक आणलं. पहिलं वाक्य पाठ करून म्हणून दाखवलं, ग्रंथालय कुठे आहे? मालकीणबाईंना हसू आवरेना. "तिला काय करायचंय लायबरीचं?" त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मला आधी 'दुखतं कुठं', 'जेवलीस का', 'भीती वाटते का' असं शिकवलं. मग एका दुपारी, पापड वाळत घालता घालता, तुझी कोमाद्रे वारली, हे वाक्यही शिकवलं. माझा उच्चार त्यांना पसंत पडेना. "असं चोरासारकं नका बोलू. सरल सांगा." ते वाक्य त्यांनी माझ्याकडून वीसेक वेळा म्हणवून घेतलं, आणि चांगलं जमल्यावर मला चहा दिला.

यंदा पौषात, एका मंगळवारी, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. मुलगी कॅनडाहून आली. सगळं आटोपल्यावर तिनं आईचा फोन माझ्या हातात दिला. "काका, तुम्हीच सांगा. मला जमणार नाही." रविवारी मी सातच्या आधीच खाली जाऊन बसलो. वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. फोन वाजला. कोमाद्रेनं पडद्यावर मला एकट्याला पाहिलं आणि तिचा हात छातीवर गेला. मला ते सगळं सांगायची गरजच नव्हती, पण शब्द दिला होता. मी सरळ सांगितलं.

कोमाद्रे फोन टेबलावर टेकवून उठली. मला तिच्या स्वयंपाकघराची पिवळी भिंत दिसत होती आणि बाहेर ती दारोदार हाका मारत जात असलेली ऐकू येत होती. थोड्या वेळानं पाच-सहा म्हाताऱ्या बायका आल्या, खुर्च्या ओढून बसल्या. एकेकीनं फोनजवळ येऊन मला आपलं नाव सांगितलं आणि भाकरी कुणी, मच्छीचं कालवण कुणी, असं आपण मालकीणबाईंकडून काय शिकलो तेही सांगितलं. मग त्यांनी जपमाळा काढल्या. त्यांच्यात माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना करतात. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं आणि माझा देवावर फारसा भरवसाही नाही, पण कोमाद्रे म्हणाली, तुम्ही नुसते बसा. मी नऊ दिवस संध्याकाळी सातला त्यांच्यात बसलो.

दहाव्या दिवशी फोन यायचं काही कारण नव्हतं. तरी मी वर माझ्या घरी फोन घेऊन बसलो होतो. सात वाजून गेल्यावर तो आला. कोमाद्रे एकटीच होती, केस ओले, हातात कप. तिनं हळूच विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, अजून नाही. काय करणार आहात? मी सांगायला लागलो, मुगाची खिचडी. पण ती कशी करतात ते सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नव्हते, तेव्हा फोन उचलला, स्वयंपाकघरात गेलो आणि डबा उघडून तिला डाळ दाखवली.