तेलापेक्षा अर्क बरा

छापखान्यात त्याला सगळे ऱ्हस्वदीर्घ म्हणत. मुद्रितं तपासून तपासून पाठीला बाक आला, पण चुकलेली वेलांटी दिसली की दाढ ठणकल्यासारखा तो अजूनही कळवळे. सध्या त्याच्या टेबलावर एक जाडजूड वनस्पतिकोश होता. घरीही झाडांचीच नावं त्याच्या तोंडी. आणि त्याच दिवसांत लेकीच्या डोक्यावर चाई पडली.

आधी कानामागे, नाण्याएवढी. मग टाळूवर, मग मागे मानेच्या वर. कंगवा फिरवला की केस मुठीनं हातात येत. तिनं कॉलेज सोडलं. ताटही खोलीतच मागू लागली. "केस आले की जाईन," एवढंच म्हणे. तिचं सगळं त्या केसांवर अडलं होतं, आणि त्याचं तिच्यावर.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. म्हणाल्या, "मुळं जिवंत आहेत, केस परत येऊ शकतात. कांद्याचा रस, झाडपाल्याचे थेंब यांनी काहींना फरक पडलाय, पण खात्री कुणी देऊ नये. धीर धरा."

धीर कुठून आणायचा? तो रोज संध्याकाळी तिच्या डोक्याला माक्याचं तेल चोळी. बोटांखाली गुळगुळीत कातडी लागली की तो आणखी तेल ओती.

तेल संपलं तेव्हा तो औषधी वनस्पतींच्या दुकानात गेला. दुकानदार कानाला फोन लावून होता. रिकामी बाटली बघून म्हणाला, "तेलापेक्षा अर्क बरा," आणि पुन्हा फोनवर बोलू लागला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दाखवा. माक्याचा अर्क बाटलीत भरून तिथेच फळीवर उभा होता. पण याच्या डोक्यात कोश. अर्क : रुई. पान मोडल्यास पांढरा चीक, दाहक. ती नोंद त्यानंच तपासली होती. 'दाहक' हा शब्द शुद्ध छापला होता, म्हणून नजर पुढे सरकली होती.

रुई तर छापखान्याच्या मागे माजली होती. फुकट. पानं मोडून त्यानं वाटीत चीक धरला आणि कापसाच्या बोळ्यानं मागच्या चाईवर लावला.

"बाबा, चुरचुरतंय."

"लागू पडतंय म्हणून. जरा सोस."

"बाबा, भाजतंय!"

त्यानं हात काढून घेतला तोवर कातडी लालभडक झाली होती. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, पोरीचं डोकं नळाखाली धरलं. "काय लावलंत?"

"अर्क."

"कशाचा अर्क?"

अर्क कशाचा तरी असतो, हे त्याला त्या क्षणी उमगलं. "रुईचं दूध," तो पुटपुटला.

"अहो, शब्दकोश ओतलात पोरीच्या डोक्यावर!"

फोड आले, फुटले. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली. मग म्हणाल्या, "बाकीच्या जागा कदाचित भरतील. इथे व्रण राहिला तर मुळं गेली समजा."

जखम सुकायला लागल्यावर बायकोनं दुकानातून माक्याच्या अर्काची बाटली आणली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचून पाहिली. "जखमेपासून लांब लावा. आशा मात्र बेतानं ठेवा."

संध्याकाळ झाली तसा तो हात धुऊन लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"तू नको," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी लावते."

"जखमेबाहेरची मागची कडा तुला दिसायची नाही गं."

"नाही दिसली तर नाही दिसली."

तिनं अंदाजानं बाटली उलटी धरली. थेंब चाई सोडून मानेवरून ओघळले, कुर्त्याच्या गळपट्टीत मुरले. त्याला ते स्पष्ट दिसत होतं. जरा वर, जरा डावीकडे, शब्द ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले. तिनं पुन्हा थेंब टाकले, पुन्हा तिथेच, आणि ओल्या मानेवर बोटं फिरवत राहिली.