माझ्या प्रोग्रामनं तीन मामा पुसले

मंडळी, आज जिवाची नुसती आग होतीय, म्हणून इथं लिहितेय.

दादाचं लग्न जवळ आलंय. फेट्याचा मान कुणाकुणाला, यासाठी मी ‘जावा’ या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. मॅपमध्ये, म्हणजे जोड्यांच्या तक्त्यात, नातं ही ‘की’ आणि माणसाचं नाव ही ‘व्हॅल्यू’. नातं टाकलं, नाव आलं. दुपारी पालीला काकांकडं सगळ्यांसमोर ऐटीत लॅपटॉप उघडला.

आईनं ‘मामा’ टाकायला लावलं. स्क्रीनवर युसूफ वडगाव या गावचे एकटे धाकटे मामा!

"आगं, माझे बाकीचे तीन भाऊ कुठं गेले?" आईचा चेहराच उतरला. मामाचा फेटा चुकला तर मांडवात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तेवढ्यात माझी धाकटी चुलत बहीण प्रियंका भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ताई, एका ‘की’ला एकच व्हॅल्यू राहती. दुसरा मामा टाकला तर पहिला पुसला जातो. एका नावाच्या जागी नावांची यादीच ठेव ना."

तिनंच दोन-चार ओळी बदलल्या. चारही मामा हजर.

पप्पा म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय!"

हे वाक्य लहानपणापासून माझं होतं हो. मी हसले, टाळ्यापण वाजवल्या, आणि आतून करपले.

आमच्या घरात ‘हुशार पोरगी’ या ‘की’पुढं यादी चालत नाही. आज तिथं प्रियंकाचं नाव पडलं आणि माझं पुसलं गेलं.

तुमच्या घरी तिथं दोघी मावतात का?