खालचा पुसट पट्टा

प्रयोगशाळेतल्या शीतकक्षाचे जड दार ओढले की आधी ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो आणि मग चार अंशांची थंडी बोटांच्या पेरांत शिरते. बाहेर बेंगळुरूचा फेब्रुवारी, रस्त्याकडेच्या झाडांनी गुलाबी फुलांचे छत धरलेले, आणि आत मी, शाल गुंडाळून, काचेच्या नळीतून थेंब थेंब उतरणाऱ्या द्रावणाकडे पाहत बसलेली. तीस वर्षे अशीच गेली. पावट्याचे दाणे, ज्यांना इथे अवरेकाळू म्हणतात, भिजवायचे, वाटायचे, आणि त्या हिरवट, गढूळ रसातल्या असंख्य प्रथिनांतून एकच विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळे काढायचे, हे माझे काम. ते हाती यायचे, पण टिकायचे नाही. पूर्ण शुद्ध झाले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्रावणात पांढरे धुके दाटायचे आणि तळाशी निर्जीव साका बसायचा. क्षार बदलून पाहिले, ग्लिसरॉल घालून पाहिले. निवृत्ती वर्षावर आली तेव्हा माझ्यापाशी कुतूहल फारसे उरले नव्हते. उरला होता तो सांध्यांत मुरलेला गारठा आणि एक शिळा थकवा.

वनमाला माझ्याकडे पीएच.डी. करायला आली त्याला चौदा वर्षे झाली. तिचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेले, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी सहज मिसळायचे. बाकी सगळे मला मॅडम म्हणत, ती अक्का म्हणे. नमुन्याची शुद्धता तपासताना जेलच्या पातळ थरावर आमच्या विकराचा निळा, ठसठशीत पट्टा उमटे, आणि तिच्या प्रत्येक नमुन्यात त्याच्या खाली आणखी एक पुसट पट्टा दिसे. माझ्या लेखी ती अशुद्धता होती, म्हणजेच हलगर्जीपणा.

"अक्का, दर वेळी येतंय ते. त्याचंपण काहीतरी काम असेल," ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली.

"काम तुझं आहे. ते आधी नीट कर," मी म्हणाले.

दीड वर्ष मी तिला तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावला. एका दुपारी तिने आपल्या नोंदवह्या माझ्या टेबलावर रचून ठेवल्या आणि ती गेली ती परत आली नाही. हे विकर शुद्ध स्वरूपात स्वभावतःच अस्थिर असते, असा शोधनिबंध मी पुढे प्रसिद्ध केला. त्याचे कौतुकही झाले.

या हिवाळ्यात आमचे जुने शुद्धीकरणाचे उपकरण नीट चालेनासे झाले आणि विकर त्या पुसट सोबत्यासह खाली उतरले. टाकून देण्यासाठी बाजूला ठेवलेली ती नळी मी कंटाळ्याच्या भरात विसरले. तीन आठवड्यांनी हाती आली तेव्हा द्रावण नितळ होते आणि विकर चोख काम करत होते. मग मी त्या पुसट पट्ट्याचे लहानसे प्रथिन वेगळे काढले, शुद्ध विकरात परत मिसळले आणि वाट पाहिली. विकर टिकले. तीनदा केले, तिन्ही वेळा टिकले. आनंद व्हायला हवा होता. मी शीतकक्षातल्या स्टुलावर तशीच बसून राहिले. उठावेसेच वाटेना.

रविवारी सकाळी जे. पी. नगरला वनमालाच्या घरी गेले. ती आता शाळेत रसायनशास्त्र शिकवते. कानशिलांवर रुपेरी केस दिसू लागले आहेत. सगळे ऐकून घेतल्यावर तिने कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि एवढेच विचारले, "किती वेळा करून पाहिलंत?"

"तीनदा."

"सरी," बरं म्हणावे तसे ती कानडीत म्हणाली.

"नवा निबंध लिहितेय. पहिलं नाव तुझं घालते."

"घाला. माझंच काम होतं ते." तिने आतल्या खोलीकडे पाहिले. "आणखी एक करा, अक्का. आत आई आहे. मला जमलं नाही म्हणून सोडून आले, असंच ती आजवर समजते. तिला तेवढं सांगा."

आतल्या खोलीत तिच्या आई पलंगावर बसून धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. देशोदेशीच्या सभागृहांत मी या विकरावर तासतासभर बोलले आहे. त्यातला एकही शब्द तिथे उपयोगाचा नव्हता.

"वनमालाला जमलं नव्हतं, असं नाही," मी म्हणाले. "तिचं बरोबर होतं. चुकले मी."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

त्यांनी हातातली साडी मांडीवर ठेवली. "पण ती सांगत होती ना?"

त्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. वनमाला दारात उभी होती. ती माझ्या मदतीला आली नाही.

"हो," मी म्हणाले. "सांगत होती."

त्यांनी लेकीला हातानेच जवळ बोलावले आणि तिच्या केसांवरून तळहात फिरवला. मी निघावे की थांबावे, मला ठरवता येईना. जन्मभर बारकाईने पाहत आले, याचा मला केवढा अभिमान होता. ऐकायचे मात्र राहूनच गेले होते, आणि आता कुणाकुणाचे, हे आठवण्याचेही त्राण उरले नव्हते.