काडतुसं भरायचं सामान

माझा नवरा पैशांच्या गाडीवर बंदूक घेऊन बसतो. फौजेतून सुटल्यावर हा साताऱ्याकडचा माणूस बोईसरला आला, बारा बोरची बंदूक परवान्यावर घेतली आणि ही नोकरी धरली. बोईसर, पालघर, मनोर, जिथे जिथे नोटांची मशिनं आहेत तिथे गाडी जाते आणि हे मागे बंदूक धरून बसतात. मी औषधांच्या कारखान्यात पावडरी तोलते. राहायला जवळच्या पाम गावात भाड्याची खोली. आणि तारापूरच्या बाजूला, अगदी किनाऱ्यावर, माझं माहेर. तिथे आई एकटी असते, मासळी सुकवते आणि बाजारात विकते.

एकदा हे सरावाला गेले आणि दोन काडतुसं उडालीच नाहीत. घोडा दाबला, टिक् झालं आणि गप्प. इथल्या खाऱ्या हवेत लोखंडाचा भुगा होतो, तिथे काडतुसाची काय कथा! पण त्या दिवसापासून माणसाची झोप उडाली. उद्या गाडी अडवली आणि तेव्हाही असंच टिक् झालं तर? जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. नवीन काडतुसं परवान्यावर मोजकीच मिळतात, दुकान लांब, आणि तिथेही ताजा माल येईल तेव्हा खरा.

मग फौजेतल्या कुणा दोस्ताने डोक्यात भरवलं, की उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच परत भरता येतात. झालं! रोज मोबाइलवर कुणीतरी दाढीवाला परदेशी गडी आपल्या गॅरेजमध्ये उभा राहून नवशिक्यांनी कोणता सेट घ्यावा ते सांगायला लागला. हाताने दाबायचा प्रेस, पुंगळीच्या बुडाला ठिणगीची टोपी बसवायचं हत्यार, छर्रे मोजायचं माप. इंग्रजी कळो न कळो, हे मान डोलवायचे.

"वजनाचा काटा कुठला घेऊ ते तू सांग," एके दिवशी म्हणाले. "दिवसभर तेच करतेस की."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण त्यांनी दाखवलेला तो खिशातला काटा बघून माझं डोकंच सटकलं. म्हटलं, अहो, पंख्याच्या वाऱ्यानं आकडा नाचेल याचा. बॅटरी उतरली की खोटं बोलेल. रोज सकाळी ठरलेलं वजन ठेवून तपासणार कोण? आणि सेटमधलं ते प्लास्टिकचं नरसाळं? पावडर चिकटून बसते त्याला, आमच्या कारखान्यात असल्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी बोलत सुटले, आणि समोर हे विद्यार्थ्यासारखे ऐकतायत. मग माझ्या लक्षात आलं की बाई, तू नाही म्हणायला बसली होतीस.

"काडतूस बाळगायचा परवाना आहे तुमच्याकडे, बनवायचा नाही," मी म्हणाले. "धरलं तर बंदूक जाईल, नोकरी जाईल आणि तुम्ही आत जाल. त्याआधी हात उडाला नाही तर."

"मेलेल्या माणसाला नोकरी कशाला लागते?" ते म्हणाले.

मला राग आला. आमचं बोलणं बंद झालं. मला वाटलं, खूळ निवलं असेल.

कसलं निवतंय! मसाल्याच्या दिवसांत आई दरवर्षी बोलावते, तसं आम्ही रिक्षाने माहेरी निघालो. वाटेत हे हळूच म्हणाले, "काटा तेवढा राहिलाय. बाकीचं आणलंय मी."

दोस्ताकडचा जुना प्रेस आणला होता, पुंगळ्यांची पिशवी आणली होती, आणि बरणीभर काळी दारू, बंदुकीची. आमचा घरमालक कधीही खोलीत डोकावतो, म्हणून ते सगळं परस्पर आईच्या माळ्यावर ठेवलं होतं. मला न सांगता. माझ्या आईच्या माळ्यावर. रिक्षावाला ऐकत होता म्हणून, नाहीतर मी तिथेच त्यांची लाज काढली असती.

"आईला काय सांगितलंत?"

"बंदुकीचं हाय, ओलं होऊ देऊ नका म्हणून सांगितलंय. त्यांना ठाऊक आहे."

इथेच घोडं पेंड खात होतं. कारण आमच्या घरात ओलं होऊ द्यायचं नाही याचा अर्थ एकच. मीठ पाझरलं, उन्हात टाका. जवळा ओलसर लागला, उन्हात टाका. कोळणीला दुसरं काही सुचतच नाही.

अंगणात चूल पेटलेली होती. मोठ्या कढईत मिरच्या भाजत होत्या, शेजारची काकू लाकडं सारत होती आणि समुद्रावरच्या वाऱ्याने ठिणग्या उडत होत्या. चुलीच्या बाजूला, मासळीच्या उलट्या क्रेटवर एक सूप होतं. सुपात काळी पावडर पातळ पसरलेली. जवळच ती बरणी, स्वच्छ धुऊन पालथी घातलेली.

यांनी माझा दंड धरला. बोटं रुतली.

कारखान्यात आम्हाला शिकवतात की ओरडायचं नाही, आधी माणसं बाजूला. मी जमेल तेवढ्या सरळ आवाजात म्हणाले, "आई, जरा इकडे ये."

"येतंय गो. ढेकलं फुटली नाय अजून," आई म्हणाली, आणि तिने सूप उचललं. पाखडायला.

तिने एकदा जरी सूप झटकलं असतं, तर वाऱ्यावर सगळी धूळ चुलीत गेली असती.

"आई, सूप खाली ठेव. होतं तिथेच. हळू."

माझा आवाज तिने ओळखला असावा. तिने ते ठेवलं. तोवर हे पुढे झाले आणि चूल आणि सूप यांच्या मधे, चुलीकडे पाठ करून उभे राहिले. ठिणग्या त्यांच्या शर्टावर पडत होत्या, मला दिसत होत्या. मी आईला ओढलं, काकूला हाक मारून दाराशी आणलं. मग मासळी धुवायचं पाण्याने भरलेलं घमेलं उचललं आणि कडेकडेने, पावडर उडू न देता, सगळं पाणी सुपात ओतलं. काळं पाणी क्रेटवरून वाळूत गेलं. दुसरं घमेलं चुलीवर ओतलं. मिरच्यांचा सत्यानाश झाला.

आई जी भडकली! "येडी झालीस काय? सकालपासून सुकवतंय मी ती, आन् तू पानी वततेस?"

"आई, ती पेटली असती. तू जळाली असतीस, काकू जळाली असती. बंदुकीची दारू आहे ती."

"मला काय ठावं नाय? बंदुकीची हाय म्हनूनच त सुकवली." ती यांच्याकडे वळली. रागावलेली, आणि थोडी घाबरलेलीही. "तुमी बोल्लात ना, ओली झाली त बंदूक वाजनार नाय, आन् तुमचा काय खरा नाय. माल्यावर गुठल्या झाल्या व्हत्या. माज्या घरात तुमची वस्तू भिजली, आन् तुमाला काय झाला, त मी पोरीला तोंड कसा दाखवू?"

हे तसेच उभे होते. शर्टाला पाठीवर भोकं पडली होती, त्यांना पत्ता नव्हता.

आईने रिकाम्या सुपाकडे पाहिलं. मग अगदी काळजीने विचारलं, "आता कसा व्हनार? वाजंल ना तुमची बंदूक?"

हे मटकन खाली वाळूत बसले.

"नाही वाजली तरी चालंल, आई," ते म्हणाले.