चार चाकांचे ब्रेक आणि आमचे कांदेपोहे

आमचे हे काल गेले.

मला त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते गाडीखालून. आणि बघितल्या बघितल्या खेकसले.

रडून झालंय माझं. आता सांगते.

सत्त्याऐंशी साल असेल. मुलुंडला आमच्याकडे मला बघायला येणार होते. मुलगा अंधेरीचा, विनायक. साकीनाक्याला स्वतःचं छोटंसं वर्कशॉप, आणि जुनी का होईना, गाडी. सोबत फक्त त्याची आई.

आधीच्या चार स्थळांनी नकाराचं कारण एकच दिलं होतं. "मुलगी फार बोलते."

म्हणून आईनं सकाळीच दम भरला. "आज तोंड उघडलंस तर याद राख. हे स्थळ गेलं तर बस जन्मभर घरात."

मी कबूल केलं. देवाशप्पथ. पोहे करून करून मीही विटले होते.

तर गाडी आली. थांबली मात्र नाही.

गेटमधून आत, तुळशीला वळसा घालून थेट बिल्डिंगच्या पाण्याच्या ड्रमावर. धाड!

हँडब्रेक ओढला म्हणून ड्रमावर निभावलं.

ब्रेकचं तेल नेणारा जुना रबरी होज फुटला होता. आणि कहर म्हणजे नवीन होज, नवीन पाइप, सगळं आठ दिवस डिकीत पडून होतं! पण त्याच्या आईचा हुकूम. "शुभ कामाआदी गाडी खोलूची नाय."

म्हणजे ब्रेक नसला तरी चालेल, पण अपशकुन नको.

नवरदेवानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि शिरला गाडीखाली. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. पोहे गार.

तास-दीड तासात होज-पाइप बसले. आता त्यातली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करायचा. हवा आणि तेल बाहेर येतं. नट परत आवळला की मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा पुन्हा आत.

पेडलवर बसले माझे बाबा. बाबांना कमी ऐकू यायचं.

"दाबा!"

"अं?"

"अहो, दाबून धरा!"

"काय म्हणालात?" आणि सोडला पाय.

असं तीनदा. मी गॅलरीत जीभ चावून उभी. शेवटी राहवेना. साडी खोचली आणि गेले खाली. "बाबा, उठा."

गाडीखालून एक काळंकुट्ट तोंड बाहेर आलं. "ओ बाई, खेळ नाहीये हा! सांगेपर्यंत पाय सोडायचा नाही!"

बसले.

"हां!" मी दाबला.

"हां!" मी सोडला.

"सोडला कशाला??"

संपलं. माझं तोंड सुटलं.

"हां म्हणजे दाबू की हां म्हणजे सोडू? एक काय ते ठरवा! मी 'धरला' म्हणेन, तुम्ही 'सोडा' म्हणा. मधे हां-हूं चालणार नाही!"

आईनं कपाळाला हात लावला.

खालून आवाज आला, "...बरं."

"धरला!"

"सोडा!"

पहिल्या चाकाला 'सोडा'. तिसऱ्या चाकाला 'सोड'. चौथ्याला मीही "अरे, नट आवळलास का?" विचारून मोकळी.

पेडल झकास कडक झालं. मी खाली उतरले तर त्याची आई समोर.

"विनू, चेडवाक तोंड आसा हां!"

झालं. मुलीला तोंड आहे, म्हणजे पाचव्या स्थळाचीही वाट लागली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. कारण तोपर्यंत मला तो आवडला होता.

तो फडक्यानं हात पुसत म्हणाला, "असूंदे गो आये. ब्रेक जायला आलेली गाडी घेऊन निघालो, तेव्हा 'थांब' म्हणणारं कोणी नव्हतं ना आपल्या घरात."

मग इतकी वर्षं मीच म्हटलं. सिगारेट पेटवताना म्हटलं. रिक्षावाल्यांशी भांडताना म्हटलं. कुरकुर करायचे, पण थांबायचे.

काल हॉस्पिटलमध्येही म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की नर्स धावत आली.

नाही ऐकलं.

श्रद्धांजली तुम्ही सगळ्यांनी वाहा. मला अजून थोडं बोलायचंय त्यांच्याशी.