बाहेरचं काम

"थांबा जी. घराले पाहू द्या आधी."

एवढं बोलून ते रस्ता ओलांडायचे, समोरच्या घराच्या भिंतीला पाठ लावायचे आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचे. घरमालक नकाशाची गुंडाळी घेऊन दारात उभा, मी फाईल उघडून उन्हात उभा, मधून ऑटोवाले हॉर्न वाजवत जाणार. यांना त्याचं काही नाही. ते घर वरून खाली बघायचे, मग खालून वर. कधी पाच मिनिटं, कधी दहा. एखादा मालक चिडून विचारायचा, "एवढं काय दिसते त्यात?" ते शांतपणे म्हणायचे, "इकडं या, मंग दिसन."

अमरावतीच्या जुन्या तटाच्या, म्हणजे परकोटाच्या आत तुम्ही पायी फिरला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उंच, जरा पुढे झुकलेले, खांद्याला कापडी पिशवी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. गल्लीगल्लीत त्यांचा कुणीतरी विद्यार्थी निघायचाच, आणि तो हमखास म्हणायचा, "सर, मले चित्रकलेत तुमी नापास केलं होतं." सर त्याचा चेहरा निरखून म्हणायचे, "मंग बरोबरच केलं असन."

जुन्या शहरातल्या घरांचं रस्त्यावरून दिसणारं रूप बिघडू नये, म्हणून एक समिती नेमलेली होती. दर्शनी भाग बदलायचा तर मालकानं अर्ज करायचा, समितीनं जागेवर जाऊन पाहायचं आणि हरकत आहे की नाही ते सांगायचं. मी आर्किटेक्ट, म्हणून समितीचा सचिव. कागदावर सदस्य पाच, शनिवारी फिरायला येणारे आम्ही दोघंच. त्यांच्या वयाला मान देऊन मी त्यांना सर म्हणायचो आणि माझ्या हुद्द्याला मान देऊन ते मला साहेब म्हणायचे.

नियम त्यांना पाठ होते, पण ते नियमाचे माणूस नव्हते. एका बाईंना लाकडी गॅलरीला लोखंडी जाळी लावायची होती. मी नियम वाचून दाखवला, की रस्त्याच्या बाजूला जाळी चालणार नाही. बाई म्हणाल्या, "वानरं घरात येऊन पोळ्या नेतात, त्याचं काय करू?" सर माझ्याकडे वळले. "साहेब, वानराले आपला नियम वाचता येत नाही. जाळी लावू द्या त्याइले. फक्त कठड्याच्या आतून लावा म्हणा." तसंच झालं. खालून बघताना जाळी दिसत नव्हती आणि पोळ्याही जागेवर राहिल्या.

एका कापड दुकानदारानं वरचा अख्खा मजला जाहिरातीच्या फ्लेक्सनं झाकला होता. सरांनी त्याचा दंड धरला आणि त्याला रस्त्यापलीकडे नेलं. फ्लेक्सचं एक टोक सुटलं होतं, त्यातून कोरीव लाकडी कमानीचा तुकडा दिसत होता. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "चाळीस वर्षं दुकानात बसून राहिलो, पण इकडून कधी पायलंच नाही." त्यानं त्याच आठवड्यात फ्लेक्स काढला. दिवाळीत पुन्हा लावला. मी वैतागलो, तर सर म्हणाले, "दोन महिने तं दिसलं ना लोकाइले."

एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, की सर, या घरांचं तुम्हाला एवढं का वाटतं?

"माहा आजा इथं चुना वाहे," ते म्हणाले. "बैलाच्या घाणीवर चुना मळाचा आन् टोपल्यानं वर चढवाचा. बांधकाम होयेपर्यंत आजा साऱ्या घरभर फिरे. देवघरात, माजघरात, सगळीकडं. मंग वास्तुशांत होये, आन् त्या दिवसापासून आजा बाहेर." त्यांनी कप खाली ठेवला. "मी लहान असताना मले खांद्यावर घेऊन फिरवे. हे म्या केलं, थे म्या केलं. सगळे घरं बाहेरूनच दाखवले त्यानं. आमच्या वाट्याले बाहेरचा भागच आला, साहेब. मंग तो तरी चांगला राहू द्या."

आजोबा गेले ते हाती काही न लागता. वडील मात्र छपन्न साली दीक्षा घेऊन आले आणि पोराला शाळेत घातलं, हेही त्यांनी सांगितलं. आवाज चढवून नाही. उरलेला चहा पिऊन उठले आणि पुढच्या घराकडे चालायला लागले.

यानंतर माझ्या मामांचा अर्ज आला.

मामांबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. मी धारणीकडच्या एका गावातला. बारावीनंतर मामांनी मला अमरावतीला आणलं, पाच वर्षं घरात ठेवलं, स्वतःच्या मुलाच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. मी शिकलो तो त्यांच्यामुळे. आता त्यांच्या मुलाला खालच्या मजल्यावर कपड्यांचं शोरूम काढायचं होतं. त्यासाठी चुन्याच्या तीन कमानी पाडून समोर काच आणि वर चकचकीत पत्रा बसवायचा होता. घरचा अर्ज आहे, मी बाजूला होतो, असं मी समितीला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. वाटलं, मीच असलो तर काम सोपं होईल.

शनिवारी आम्ही गेलो. मामांनी ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. समितीतले एक निवृत्त इंजिनिअरही त्या दिवशी मुद्दाम आले होते. आम्ही बसलो. सर नेहमीसारखे रस्त्यापलीकडे उभे राहिले. दहा मिनिटांनी आले, ओट्याच्या पायरीशी थांबले आणि मामांना म्हणाले, "मधल्या कमानीले माह्या आज्याचा हात लागला आहे. थे आतून कशी पेलली आहे, एकदा आत येऊन पाहू देता का? कमान न पाडता बी दुकान होऊ शकते."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या समितीचं काम बाहेरचं ना? मंग बाहेरूनच पाहा. आतलं आमी पाहून घेऊ."

इंजिनिअर हसले. मामांचा मुलगा हसला. आणि मी हसलो.

फार नाही. जेवताना मामांच्या विनोदांवर हसायचो तेवढंच. पण सर माझ्याकडेच बघत होते. त्यांनी आज्याची गोष्ट मला एकट्याला सांगितली होती. ते वाक्य कुठे जाऊन लागलं, हे त्या ओट्यावर फक्त मला समजत होतं. तरी मी हसलो.

"बरं जी," ते म्हणाले. पायरीवर ठेवलेला पाय त्यांनी मागे घेतला आणि पिशवीतून वही काढून उभ्याउभ्याच काही लिहून घेतलं.

सभेत त्यांनी स्पष्ट विरोध केला. कमानी ठेवून काच मागे कशी घेता येईल, त्याचं चित्रही काढून आणलं होतं. चित्र चांगलं होतं आणि सूचना व्यवहार्य होती, हे मी आर्किटेक्ट म्हणून सांगतो. इंजिनिअरनी बदलाला होकार दिला. मी चित्र फाईलच्या तळाशी सरकवलं आणि इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते हरकत नाही.

पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. सरांनी ते ओळीवर बोट ठेवत वाचलं. बोट एका शब्दावर थांबलं.

"सर्वानुमते?" त्यांनी मला विचारलं.

"सर, तो नेहमीचा मजकूर असतो," मी म्हणालो.

त्यांनी पेन मागितलं आणि फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात खाली लिहिलं, 'माझा विरोध होता. नोंद घ्यावी.' सही केली. मी म्हटलं, ठीक आहे. ते गेल्यावर मी पान नव्यानं टाईप केलं, इंजिनिअरची सही घेतली आणि जुनं पान फाडून टाकलं. महिन्याभरात कमानी पडल्या. मी तेव्हा त्या गल्लीतून जायचं टाळत होतो.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. दर शनिवारी त्यांच्यासोबत चालणं मला जड व्हायला लागलं. ते पूर्वीसारखेच बोलत होते, त्यामुळे तर आणखीच. समितीची मुदत संपली आणि नव्या नावांची यादी मला करायची होती. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, वय झाले असल्याने फिरती झेपत नाही. ते माझ्यापेक्षा भरभर चालायचे.

बायको वारल्यावर ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले, असं मला त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. तिथेच गेल्या वर्षी ते वारले. त्याआधी एकदाच मी त्यांच्याकडे गेलो होतो. अकोल्याला एक काम निघालं, पत्ता खिशात होता, आणि दुपारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

दार त्यांनीच उघडलं. "या साहेब, या," म्हणाले. पंखा लावला, पाणी दिलं. वानरांच्या जाळीवाल्या बाईंची चौकशी केली. कापडवाल्याचा फ्लेक्स अजून आहे का, ते विचारलं. मामांच्या घराबद्दल विचारलं नाही. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सर, ते पान मी बदललं होतं," मी म्हणालो.

"मालूम आहे. मी मंग एकदा फाईल चाळली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमचे मामा होते थे. त्याइनं तुमाले शिकवलं. माणूस फसते कधी." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "कागदाचं मले काही वाटलं नाही, साहेब. पण त्या ओट्यावर तुमी हासले. थे मले समजलं नाही. घरी जाऊन बायकोले बी सांगतलं नाही मी."

"माझं चुकलं, सर."

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. जाऊ द्या म्हणतील, असं येताना वाटलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. मी उठलो, तर म्हणाले, "बसा. जेवाची वेळ आहे. असं कसं जाता?"

आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी दोन पाट मांडले. मुलगी दवाखान्यातली ड्युटी संपवून नुकतीच आली होती. तिनं ज्वारीच्या भाकरी केल्या, वांग्याची भाजी वाढली आणि मग वडिलांना हळूच विचारलं, "बाबा, हे कोण?"

मी घास हातात घेऊन थांबलो. ते काहीही सांगू शकले असते, आणि काहीही सांगितलं असतं तरी ते खरंच असतं.

"आमी दोघं संगं काम करत होतो अमरावतीले," ते म्हणाले. "त्याइले अजून अर्धी भाकर वाढ."

तिनं भाकर वाढली. मी ताटातून मान वर न काढता ती खाल्ली.